रोजच्या वापरातली जुनी स्पोर्ट्स गाडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकासाठी निवडलेली सगळी पत्रं विदर्भातली आहेत. ही मंडळी जुनी, वेगासाठी घेतलेली गाडी दसऱ्याला पुसून परत झाकून ठेवत नाहीत, तिच्यातूनच शाळेत, दवाखान्यात, बाजार समितीत जातात. आमच्या मते जुन्या गाडीला हेच मानवतं. मात्र आपल्याकडचा उन्हाळा, काळी माती आणि आजचं पेट्रोल या तिन्ही गोष्टी ती गाडी बनवणाऱ्याच्या हिशेबात नव्हत्या. तो हिशेब आता मालकाने करायचा आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ ची काँटेसा क्लासिक १.८ आहे. रोज यवतमाळला जाणं-येणं असतं. सकाळी मस्त चालते. दुपारी बाजारात पंधरा मिनिटं उभी केली की सुरू होत नाही, झालीच तर थोडं पुढे जाऊन गचके देत बंद पडते. इंजिनजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं की चालू होते. मिस्त्री कार्बोरेटर बदला म्हणतो. बदलू का?
— एक वाचक, दारव्हा

उत्तर : नका बदलू. ओल्या फडक्याने गाडी सुरू होते, म्हणजे पेट्रोलची वाफ होते आहे आणि ती वाफ पंपात अडकते आहे. तुमचा पंप इंजिनला लागून बसलेला आहे आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून तिथे पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला असतो. त्यात वाफ भरली की पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा वरखाली होत राहतो, पण पुढे काही जात नाही.

पंधरा मिनिटांनीच का, याचंही कारण आहे. गाडी चालू असताना टाकीतलं थंड पेट्रोल पंपातून सतत वाहतं, पंखा आणि समोरचा वारा असतो. गाडी बंद केली की हे सगळं थांबतं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, उष्णता बॉनेटखाली कोंडते. बंद केल्यावर साधारण दहा ते वीस मिनिटं बॉनेटखाली सगळ्यात जास्त ताप असतो. तासाभराने तीच गाडी निमूट सुरू होईल.

आधी एक खात्री करा, कारण याच वेळी याच्या उलट दोषही होतो. एअर क्लीनरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल दाबा आणि कार्बोरेटरच्या घशात बघा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर कार्बोरेटरच्या वाटीत, म्हणजे त्याच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात, पेट्रोल आहे. तेच उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत, सांडलं आहे आणि प्लग भिजले आहेत. अशा वेळी चोक न ओढता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पिचकारी आली नाही, घसा कोरडा असला, तर वाफ पंपात अडकली आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी जोड आधी बदला. तिथे बारीक चीर असली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, पण पंप हवा ओढतो आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं. नळी ‘एसएई जे३० आर९’ दर्जाची मागा, तसं नळीवर छापलेलं असतं. जुन्या नळीचा आतला व्यास मोजून न्या. सैल नळी क्लिप आवळून बसवायची नाही.

मग धातूची नळी एक्झॉस्टपासून निदान ५० मिलिमीटर दूर न्या. जागा नसेल तर मध्ये १ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावा. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर तरी मोकळी हवा हवी. पत्रा नळीला टेकला तर तोच नळी तापवेल. कार्बोरेटरखाली ६ ते ८ मिलिमीटरचं उष्णता अडवणारं बेकलाइटचं पॅकिंग द्या, त्याच्या वर आणि खाली नवं कागदी गास्केट. स्टड तेवढे लांब आहेत का, अॅक्सिलरेटरची तार ताणली जात नाही ना, बॉनेट एअर क्लीनरला लागत नाही ना, हे बंद करण्याआधी बघा.

इतकं करूनही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, त्रास राहिला तर पंपाच्या पुढे एक टी जोड टाकून टाकीकडे परतीची नळी काढा. तिच्यात प्रवाह रोखणारी, दीड मिलिमीटरचं छिद्र असलेली चकती हवी, नाहीतर सगळं पेट्रोल परत जाईल. या नळीमुळे पेट्रोल फिरत राहतं आणि वाफ टाकीत निघून जाते.

शेवटचा उपाय इलेक्ट्रिक पंपाचा. तो मागे, टाकीजवळ आणि टाकीच्या पातळीखाली बसवायचा. ओढण्यापेक्षा ढकलणं त्याला सोपं जातं आणि दाबाखालचं पेट्रोल उशिरा उकळतं. कार्बोरेटरला अडीच ते तीन पीएसआय दाब पुरतो. चारच्या वर गेला की वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई उचलली जाते आणि पेट्रोल वाहू लागतं. इंजेक्शन गाडीचा पंप चाळीस पीएसआयच्या वर दाब देतो, तो स्वस्तात मिळाला तरी इथे लावणं म्हणजे आग लावणं आहे. पंपाची वायर रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यातून, आणि ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. ही वायरिंग न करता पंप बसवणारा मिस्त्री असेल तर दुसरा मिस्त्री बघा.

आणि एक करू नका : फडक्याचं पाणी तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर सांडू देऊ नका. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं.

प्रश्न : आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं. कार्बोरेटरच्या गाडीला त्याने नेमकं काय होतं? नुसता मायलेज कमी होतो की इंजिन खराब होतं?
— एक शिक्षक वाचक, चिखली

उत्तर : दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणांनी. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे ई-२० मध्ये, म्हणजे या वीस टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये, सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते आणि अॅव्हरेज जवळपास तेवढंच उतरतं. त्याने इंजिनला इजा होत नाही.

इजा होते ती मिश्रण पातळ झाल्याने, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याने. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलो. ई-२० ला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर कॉम्प्युटर बहुतेक फरक भरून काढतो. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो. मग वेगात ओढ कमी होते, अॅक्सिलरेटर सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात. उपाय मुख्य जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या तुकड्याचा. जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास दाखवतो आणि प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून सात-आठ टक्के जास्त पेट्रोल हवं असेल तर व्यास साधारण चार टक्क्यांनीच वाढवायचा. १२० चा जेट असेल तर १२५ चा घ्या. जुना जेट ड्रिलने मोठा करू नका, छिद्राचं तोंड बिघडलं की त्याचं माप भरवशाचं राहत नाही. जेट बदलल्यावर २० किलोमीटर सरळ रस्त्याने चालवून प्लग काढा : पांढरे म्हणजे अजून पातळ, काळे-काजळलेले म्हणजे जास्त, फिका तपकिरी रंग बरोबर.

रबराचं वेगळं. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा आणि सुईचं टोक इथेनॉलने फुगतं किंवा मऊ पडतं. पंपाचा किट मागताना इथेनॉल चालणारा पडदा आहे का, हे विचारून घ्या. इथेनॉल टाकीत साचलेला जुना चिकटा सोडवतं, म्हणून पहिले काही महिने फिल्टर लवकर तुंबतो. काचेच्या किंवा पारदर्शक भांड्याचा फिल्टर लावा आणि डोळ्याने बघत राहा.

पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नका. रिकाम्या जागेतली ओली हवा पाणी सोडते, इथेनॉल ते शोषून घेतं आणि पाणी फार झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजिन पहिल्यांदा ओढतं ते तळाचंच. रोज चालणाऱ्या गाडीत हे क्वचित होतं.

प्रश्न : २००२ ची पॅलिओ १.६ जीटीएक्स मिळते आहे. एक मालक, ३८ हजार किलोमीटर फक्त, रंग मूळचा. रोज हिंगणघाट ते वर्धा चालवायची आहे. किलोमीटर इतके कमी म्हणजे काम काही निघणार नाही ना?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : काम निघेल आणि ते आधी करूनच गाडी रोजला लावायची. किलोमीटरने पिस्टन-रिंग झिजतात. टायमिंग बेल्ट, ऑइल सील, पाण्याच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या, इंजिन माउंट आणि टायर हे वर्षांनी म्हातारे होतात. वीस वर्षं शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा अनेकदा वाईट निघतं.

बेल्ट शेवटी कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. पुस्तकातले किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. सोळा व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग हेड उघडण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. बेल्टबरोबर टेन्शनर, वॉटर पंप, कॅम आणि क्रँकचे पुढचे ऑइल सील एकाच वेळी टाका. मजुरी एकदाच पडते, आणि जुना सील गळून नव्या बेल्टवर तेल आलं तर बेल्टही गेला.

सौदा ठरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या : इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघा. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

गाडी उत्तम आहे, जरूर घ्या. पण घरात दुसरं एखादं वाहन, निदान एक फटफटी, असली पाहिजे. पार्ट नागपूरला नसला तर पुण्या-मुंबईहून यायला आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात घाई झाली की माणूस चुकीचा पार्ट ठोकून बसवतो.

प्रश्न : होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२. उन्हात उभी राहिली की सेल्फ जोरात फिरतो पण गाडी सुरू होत नाही. काचा उघडून अर्धा तास थांबलं की होते. पेट्रोल पंप नवा टाकला, फरक नाही.
— एक डॉक्टर वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : डॅशबोर्डखालचा मुख्य रिले बघा. पेट्रोल पंपाला आणि इंजेक्शनला वीज देणारा हा छोटा डबा. त्यातल्या सर्किटवरचे डाग, म्हणजे सोल्डर, वयाने बारीक तडकतात. थंडीत जोड लागतो, बंद गाडीत उन्हाने आतला भाग तापून पसरला की सुटतो. काचा उघडल्यावर गाडी सुरू होते ती म्हणूनच.

बिघाड झालेल्या वेळीच तपासा. चावी ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन सेकंद पंपाची घूं ऐकू आली पाहिजे. आवाज नाही तर रिलेचा संशय पक्का. रिले उघडून मोठ्या पायांभोवतीचे डाग भिंगातून बघा, भोवती गोल काळी रेघ दिसेल. जुनं सोल्डर ओढून काढून नवं भरा. टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा हे काम सहज करतो. आवाज येतो पण प्लगला ठिणगी नाही, असं असेल तर डिस्ट्रिब्युटरमधला इग्नायटर किंवा कॉइल. तेही गरम झाल्यावरच दगा देतात.

प्रश्न : जुनी पेट्रोल लान्सर आहे. गावात काटा वर जातो, हायवेला खाली येतो. थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच. पाणी घरच्या बोअरचं टाकतो.
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : सगळ्यात आधी ते बोअरचं पाणी काढा. तुमचा तालुका खारपाणपट्ट्यात आहे. त्या पाण्यातला क्षार तापल्यावर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या वाटांत थर धरतो, मीठ अॅल्युमिनियम खातं. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, एवढंच गाडीत जायला हवं. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, म्हणून ३० ते ४० टक्के कूलंट बस होतं. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण गंजरोधक रसायन कूलंटमध्येच असतं, तेव्हा तिसाच्या खाली जाऊ नका.

गावात तापते आणि हायवेला थंड होते, म्हणजे हवा कमी पडते आहे. पंखा उशिरा लागतो, हळू फिरतो, किंवा त्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण कोणीतरी काढून ठेवलं आहे. आवरणाशिवाय पंखा रेडिएटरचा तेवढाच गोल थंड करतो, बाकीचा भाग फुकट जातो. पंख्याला थेट बॅटरीवरून वीज देऊन बघा. जोर वाढला तर रिले, स्विच किंवा अर्थचा (विजेच्या परतीच्या वाटेचा) दोष, नाही वाढला तर मोटरचे कार्बन ब्रश संपले. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्चने बघा. तुमच्याकडे कापूस वेचणीपासून जिनिंगच्या हंगामापर्यंत तिथे रुई आणि धुळीची गोधडी जमते, समोरून ती दिसत नाही. पाण्याचा हलका फवारा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर मारलं तर पापुद्रे दुमडतील.

उलट लक्षण असतं, म्हणजे गावात ठीक आणि वेगात गरम, तर रेडिएटर आतून तुंबला आहे किंवा खालची नळी ओढीने चपटी होते आहे असं म्हटलं असतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, परत बसवा. अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरतं. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात टांगून तापवा : त्यावर ८२ किंवा ८८ जो आकडा असेल तिथे उघडायला लागला पाहिजे. रेडिएटरचं झाकणही बदला. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणी ११९ अंशांच्या आसपास उकळतं, स्प्रिंग मेलेल्या झाकणाखाली शंभरालाच.

गाडी कधी उकळेपर्यंत तापली असेल तर हेडची सपाटी पट्टी आणि फीलर गेजने मोजून घ्या. ०.०५ मिलिमीटरचं पातं खाली गेलं तर मशिनिंग लागेल. नुसतं गास्केट बदलून महिन्यात तेच काम परत येतं.

प्रश्न : सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनलेली दोन सीटची. हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा उडी मारतो, इंडिकेटर लावला की लाइट लुकलुकतात. — वरोरा

उत्तर : बॉडी फायबरची आहे, तिच्यातून विजेला परतीची वाट, म्हणजे अर्थ, मिळत नाही. प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी धावते आणि काही ठिकाणी एकत्र बांधलेली असते. तो बांधलेला जोड हिरवा पडला की एका दिव्याचा करंट दुसऱ्याच्या वाटेने परत जातो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या उण्यावर, दुसरं दिव्याच्या अर्थवर, लाइट चालू. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर तो जोड घासून, नवा लग दाबून, ग्रीस लावून परत बांधा. इंजिन आणि बॅटरी यांच्यामधली जाड केबलही अशीच मोजा, सेल्फ मारताना ०.२ च्या आत हवी. काम एका दुपारचं आहे आणि जवळजवळ फुकट.

प्रश्न : समृद्धीवरून मेहकर ते नागपूर जातो. टायर २०१६ चे, नक्षी भरपूर आहे. चालतील? — मेहकर

उत्तर : नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी काढून आतून-बाहेरून तपासायचा, दहा वर्षं ही शेवटची हद्द. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास १२० ने जायचं असेल तर आम्ही सहावरच थांबू. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा आणि गरम झाल्यावर वाढलेली हवा सोडू नका. कमी हवेचा टायर कडेला वाकत राहतो आणि त्यानेच तापून फुटतो. रिमोल्ड टायर या रस्त्यासाठी नकोच.

प्रश्न : गाडीची उंची कमी आहे, घर पांदण रस्त्यावर. पावसाळ्यात काय जपावं? कोठ्यात सोयाबीनची पोती आणि गाडी एकत्र असतात. — एक शेतकरी वाचक, वरूड

उत्तर : पोती आणि गाडी वेगळी करा, निम्मी चिंता तिथे संपते. धान्याच्या मागे उंदीर येतो आणि इंजिनच्या ऊबेत घर करतो. एअर फिल्टरच्या तोंडाला पाव इंचाची लोखंडी जाळी लावा, आठवड्याला फिल्टरचा डबा उघडा. गाडी उभी केल्यावर बॉनेट उघडं ठेवलं तर उंदराला अंधार मिळत नाही.

काळी माती चिकटते आणि पाणी धरून ठेवते. दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) खालची निचऱ्याची भोकं तिने बुजतात, पत्रा आतून सडतो. दर पंधरा दिवसांनी ती भोकं प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. तार वापरली तर रंग खरवडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. चाकाच्या आतल्या बाजूला चिखल वाळला की स्टिअरिंग थरथरतं, ते बॅलन्सिंगला नेण्याआधी रिम धुवा. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटाला चीर दिसली की त्याच आठवड्यात बदला. आत चिखल गेला तर बुटाच्या पैशात सुटणारं काम पूर्ण जॉइंटवर जातं.

उंची वाढवायला स्प्रिंगखाली जाड ठोकळे घालू नका, शाफ्टचा कोन वाढून जॉइंट खातो. सम्पखाली, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली, ३ मिलिमीटरचा लोखंडी गार्ड टाका, ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवून. पांदणीवर चाक चाकोरीत नेण्याऐवजी मधल्या उंचवट्यावर आणि कडेला चालवा. आणि पावसाळ्याआधी ब्रेक ऑइल बदला, दर दोन वर्षांनी. डॉट-४ नवं असताना २३० अंशांना उकळतं, ओल शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतं.

प्रश्न : आजोबांची १९६९ ची स्टँडर्ड हेराल्ड रोज वापरतो. विंटेज नोंदणी करून घ्यावी का? — पुसद

उत्तर : रोज वापरायची असेल तर नको. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक ठेवला आहे. पण तो घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, नियमित वापर चालत नाही. तुम्ही साधी नोंदणीच नूतनीकरण करत राहा. फॉर्म २५, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज, नूतनीकरण पाच वर्षांसाठी. २०२२ पासून मोटारीला ५,००० रुपये शुल्क झालं, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त पडतं, शिवाय पर्यावरण कर. जाताना विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबर प्लेट हवी. चेसिसवरचा क्रमांक वाचता येईल इतका आदल्या दिवशी घासून ठेवा. सँडपेपर लावू नका, रॉकेलचं फडकं आणि जुना दातांचा ब्रश पुरतो.